एकवार आणि वारंवार : ख्रिस्ती सेवायात्रेच्या कथनातील बालगृहाचा काळ

१

अनाथ मुलांच्या सेवेसाठी काही दिवस परदेशी जाऊन येणे ही गेल्या काही दशकांत पाश्चात्त्य, विशेषतः अमेरिकन, ख्रिस्ती मंडळ्यांच्या जीवनातील एक रूढ प्रथा बनली आहे. चर्चमधील दहा-वीस जणांचा गट एक-दोन आठवड्यांसाठी हैती, ग्वातेमाला, युगांडा, केनिया किंवा कंबोडिया येथील एखाद्या बालगृहात उतरतो. भिंती रंगवतो, मुलांना गाणी आणि बायबलमधील गोष्टी शिकवतो, त्यांच्याशी खेळतो आणि परत येतो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाव यांनी २००५ मधील एका पाहणीच्या आधारे, अमेरिकेतून अशा अल्पकालीन मिशन-यात्रांसाठी दरवर्षी परदेशी जाणाऱ्यांची संख्या सुमारे १६ लाख असावी, असा अंदाज मांडला होता. या सगळ्याच यात्रा बालगृहांकडे जात नाहीत; तथापि बालगृह हा त्यांचा एक विशेष आवडता मुक्काम राहिला आहे.

या प्रथेचा विचार बालमानसशास्त्र, विकासाचे अर्थशास्त्र आणि खुद्द मिशनशास्त्र यांनी केला आहे. साहित्यसमीक्षेने मात्र तिची फारशी दखल घेतलेली नाही. वास्तविक ही यात्रा संहितेवाचून पुरी होतच नाही. निघण्यापूर्वी यात्रेकरू आप्तेष्टांना आणि मंडळीच्या सभासदांना प्रार्थनेची व पैशाची मदत मागणारे पत्र लिहितो. मुक्कामात रोजनिशी ठेवतो. परतल्यावर मंडळीसमोर उभा राहून साक्ष देतो. पत्र, रोजनिशी आणि साक्ष या तीन लेखनकृतींनी यात्रेचे आरंभ, मध्य आणि अंत आखले जातात. आर्नोल्ड वान गेनेप यांनी १९०९ मध्ये संक्रमणविधींची जी तीन अंगे दाखवून दिली, विलगता, उंबरठ्यावरची अवस्था आणि पुनःप्रवेश, ती येथे लेखनप्रकारांच्याच रूपाने अवतरतात. म्हणजे कथन हे यात्रेचे नंतर केलेले वर्णन नसून तिचे एक घटक अंग आहे. कथन कोणत्या आकाराचे होणार, हे यात्रा सुरू होण्यापूर्वीच बरेचसे ठरलेले असते.

या आकारात बालगृहातील मुलाला कोणते स्थान मिळते, हा येथील प्रश्न आहे. त्याचे उत्तर सामान्यतः निवेदकाच्या वृत्तीत शोधले जाते : तो अहंकारी आहे की नम्र, वसाहतवादी आहे की सहृदय. पण वृत्तीपेक्षा काळाची रचना अधिक निर्णायक आहे, असे या संहिता वाचताना दिसून येते. निवेदकाच्या दृष्टीने जे एकदाच घडते ते मुलाच्या दृष्टीने वारंवार घडत असते, आणि हा कथनप्रकार त्यांपैकी पहिलाच काळ जाणतो.

२

सेवायात्रेच्या कथनाचे मूळ प्रवासवर्णनात जितके आहे त्याहून अधिक साक्ष या धर्मकथनात आहे. ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’पासून जॉन बनियनच्या १६६६ मधील आत्मकथनापर्यंत आणि पुढे मेथडिस्ट परंपरेपर्यंत आलेल्या या प्रकाराचा रूपबंध परिचित आहे. एक पूर्वीचा ‘मी’ असतो, एक घटना घडते आणि एक नवा ‘मी’ उदयास येतो. मराठीत बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ने हा रूपबंध आत्मचरित्राच्या पायाशी आणून ठेवला. साक्षीत पालटतो तो सांगणारा. बाकीची पात्रे, प्रसंग आणि स्थळे त्या पालटाची निमित्ते असतात. स्वतःच्या अंतःकरणाचा हिशेब देवापुढे मांडताना हे एककेंद्रित्व स्वाभाविकच म्हणावे लागेल.

अडचण उद्भवते ती हा रूपबंध सेवेच्या कथनासाठी वापरला जातो तेव्हा. सेवेच्या कल्पनेतच दुसरी व्यक्ती गृहीत असते. ज्याची सेवा केली त्याचे काय झाले, हा सेवाकथनाचा नैसर्गिक शेवट असावयास हवा. पण साक्षीचा शेवट निवेदकाच्या पालटात ठरलेला. या दोन मागण्यांची तडजोड एका ठराविक उलटापालटीने होते : द्यायला म्हणून गेलेला निवेदक परत येऊन सांगतो की, देण्यापेक्षा आपल्याला मिळालेच अधिक. बालगृहातील मुलांनी आपल्याला आनंद शिकवला, विश्वास शिकवला, थोडक्यात समाधान मानायला शिकवले. ही कबुली प्रामाणिक असते, आणि दात्याच्या ताठ्यावर तो एक उतारा असतो, हेही मान्य केले पाहिजे. परंतु तिचा वाङ्मयीन परिणाम विपरीत होतो. मूल आता दुप्पट निमित्तमात्र बनते. आधी ते सेवेचे पात्र होते, आता ते उपदेशाचे साधन ठरते. त्याचे दारिद्र्य हाच धडा असल्यामुळे ते दारिद्र्य का आहे, हा प्रश्न कथनाच्या कक्षेतच येत नाही.

या प्रथेला आधार म्हणून याकोबाच्या पत्रातील पहिल्या अध्यायाचे शेवटचे वचन नेहमी पुढे केले जाते. अनाथ आणि विधवा यांच्याकडे त्यांच्या अडचणीत पाहणे हे खऱ्या धर्माचरणाचे लक्षण, असा त्याचा आशय आहे. तेथील ग्रीक क्रियापद ‘एपिस्केप्तेस्थाय’ हे नजर ठेवणे, देखरेख करणे, जबाबदारीने विचारपूस करणे असा अर्थ व्यापते; मंडळीच्या अध्यक्षासाठी वापरला जाणारा ‘एपिस्कोपोस’ हा शब्द त्याच कुळातला आहे. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने त्यासाठी ‘व्हिजिट’ हा शब्द योजला. त्या काळच्या इंग्रजीत त्याला देखरेखीचा अर्थ होता. पुढे तो झडून गेला आणि भेट देऊन येणे एवढाच अर्थ उरला. मराठी बायबलमधील ‘समाचार घेणे’ या शब्दप्रयोगात चौकशीची आणि जबाबदारीची छटा अद्याप टिकून आहे. शब्दार्थाच्या या ऱ्हासातच सेवायात्रेची कोंडी सूत्ररूपाने दिसते. मूळ शब्द सातत्याची अपेक्षा करतो, तर रूढ झालेला शब्द येण्याजाण्याची मुभा देतो.

३

या कथनातील सर्वांत परिचित प्रसंग आगमनाचा. गाडी फाटकातून आत येते, मुले धावत सुटतात, कुणी हात धरते, कुणी गळ्यात पडते, कुणी मांडीवर चढते आणि उतरायला तयार होत नाही. पहिल्याच दिवशी मिळालेली ही मिठी निवेदकाच्या लेखी आपण येथे यावे अशीच ईश्वराची योजना होती, याची खूण ठरते. पत्रात ज्याची आशा व्यक्त केली होती ते रोजनिशीत सफल होते आणि साक्षीत त्याचे प्रमाण दिले जाते. या प्रकाराचे सारे चिन्हशास्त्र या एका खुणेवर उभे आहे.

हीच खूण दुसऱ्या एका शास्त्राने वेगळी वाचली आहे. जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात मातृवियोगाच्या परिणामांची चर्चा केली, तीत संस्थांमध्ये वाढलेल्या काही मुलांच्या वरवरच्या, कोणाशीही सारख्याच असणाऱ्या सलगीकडे लक्ष वेधले होते. रुमानियात २००० मध्ये १३६ मुलांना घेऊन सुरू झालेल्या बुखारेस्टमधील दीर्घ अभ्यासाने या निरीक्षणाला अधिक काटेकोर आधार दिला. ज्याला एक कायमचे माणूस मिळालेले नाही असे मूल अनोळखी माणसाकडे निःशंकपणे जाते. कुटुंबात वाढणारे मूल अनोळखी माणूस पाहून आधी आईमागे लपते. लपणे हे आपले माणूस असल्याचे लक्षण आहे. या दृष्टीने पाहिल्यास कथन ज्याला प्रेमाचा पुरावा समजते तो पुष्कळदा अभावाचा पुरावा असतो.

येथे सावधगिरी आवश्यक आहे. प्रत्येक मिठी हे रोगलक्षण नव्हे. मुले पाहुण्यांच्या येण्याने खरोखर आनंदित होऊ शकतात, आणि मानसशास्त्रीय निदानाचा शिक्का मारून त्यांचा आनंद नाकारणे हाही एक प्रकारचा अन्यायच. समीक्षेचा मुद्दा निदानाचा नाही, खुणेच्या वाचनाचा आहे. एका खुणेचे दोन अर्थ संभवत असताना एकच अर्थ संभवतो, अशी व्यवस्था या कथनप्रकारात कशामुळे होते, हे पाहावयाचे आहे.

फ्रेंच कथनमीमांसक जेरार जनेत यांनी १९७२ मध्ये कथनातील वारंवारतेचा जो विचार मांडला तो येथे उपयोगी पडतो. एकदा घडलेले एकदा सांगणे हे एकवार कथन. अनेकदा घडलेले एकदाच, ‘दर रविवारी असे होई’ अशा रीतीने सांगणे हे आवर्ती कथन. मार्सेल प्रूस्तच्या कादंबरीत आवर्ती कथनाला किती महत्त्व आले आहे, हे जनेत यांनी सविस्तर दाखवले. सेवायात्रेच्या कथनात याचीच एक विकृत आवृत्ती आढळते. फाटकातून गाडी आत येणे, धावणे, गळ्यात पडणे, गाणी, निरोपाचे रडणे हे सर्व बालगृहाच्या काळात आवर्ती आहे. मागच्या महिन्यात दुसरा गट आला होता, पुढच्या महिन्यात तिसरा येईल. मुलाला कथन करता आले तर ते रीतिवर्तमानात करील : पाहुणे येतात, फोटो काढतात, पुन्हा येऊ म्हणतात, जातात. निवेदक मात्र याच घटनांना एकवार भूतकाळात बसवतो : ती मुलगी माझ्याकडे धावत आली. एकवचनी, अनन्य, पूर्वनियोजित. मिठीचा दुसरा अर्थ त्याला दिसत नाही, याचे कारण त्याच्या सहृदयतेतील उणेपणा नव्हे. तो अर्थ आवर्ती काळातच दिसू शकतो आणि त्या काळाला या प्रकाराच्या व्याकरणात क्रियापदच नाही.

याचा परिणाम निरोपाच्या प्रसंगावरही होतो. निवेदकाच्या कथनात निरोप हा भावनेचा परमोच्च बिंदू असतो. तेथे अश्रू येतात आणि पालट पूर्ण होतो. मुलाच्या काळात हा निरोप म्हणजे तुटलेल्या ओळखींच्या मालिकेतील आणखी एक आकडा. एकाच्या कथेचा कळसाध्याय हाच दुसऱ्याच्या इजेचा पुनरुच्चार ठरतो.

४

आवर्ती काळाबरोबर आणखी एक गोष्ट कथनाबाहेर राहते. ती म्हणजे मुलाचा भूतकाळ, अर्थात त्याचे आईबाप. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कादंबरीने अनाथ बालक हे एक प्रभावी पात्र घडवले. ऑलिव्हर ट्विस्ट काय किंवा जेन एअर काय, आप्तांच्या पाशांतून मोकळे असल्यामुळेच ही पात्रे कथेत कोठेही जाऊ शकतात आणि वाचकाच्या दयेला त्यांच्यापर्यंत पोचण्यात कोणाचा अडथळा नसतो. सेवायात्रेच्या कथनाने या संकेताचा वारसा घेतला. फरक इतकाच की, जेन एअर स्वतः ‘मी’ म्हणून बोलते, येथील अनाथ बोलत नाही.

संकेत आणि वास्तव यांतील अंतर मोठे आहे. कंबोडियात २००५ ते २०१० या काळात निवासी बालगृहांची संख्या १५४ वरून २६९ झाली. या वाढीमागे अनाथांची वाढ नव्हती. बालगृहांतील बहुसंख्य मुलांचे आईवडील किंवा त्यांपैकी एक हयात असल्याचे युनिसेफच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासांतून पुढे आले. परदेशी पाहुणे आणि देणग्या यांच्या ओघाने बालगृहांना मागणी निर्माण केली, आणि शिक्षणाच्या व पोटभर अन्नाच्या आशेने गरीब आईबापांनी मुले तेथे पाठवली. हैतीत १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर काही दिवसांतच एका अमेरिकन बॅप्टिस्ट गटाच्या दहा जणांना ३३ मुले सीमेपलीकडे डोमिनिकन प्रजासत्ताकात नेत असताना अटक झाली. तेथे बालगृह काढण्याचा त्यांचा बेत होता. पुढील चौकशीत या मुलांचे आईवडील वा जवळचे आप्त जिवंत असल्याचे आढळून आले. काहींनी तर मुलांना चांगले दिवस यावेत म्हणून ती आपण होऊन सोपवली होती. या प्रकरणाची कायदेशीर बाजू बाजूला ठेवली तरी तिचे कथनशास्त्रीय अंग बोलके आहे. कथेला अनाथ हवा होता. वास्तवात आई होती. अशा वेळी आईला कथेतून वगळणे हे निवेदकाचे विस्मरण नसते, तो प्रकाराचा नियम असतो. आई दिसताच मदतीचा रोख बालगृहाकडून घराकडे वळवावा लागेल, आणि मग यात्रेला मुक्काम उरणार नाही.

या प्रथेवर विडंबन आणि टीका करणाऱ्या संहिताही आता एक परंपरा बनल्या आहेत. चार्ल्स डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’ (१८५२-५३) या कादंबरीतील मिसेस जेलिबी आफ्रिकेतील बोरियोबूला-घा नामक स्थळाच्या उद्धारात गर्क असताना तिची स्वतःची मुले जिन्यावरून गडगडतात. इव्हान इलिच यांनी २० एप्रिल १९६८ रोजी मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे सेवेसाठी आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोरच त्यांच्या सद्हेतूंवर प्रखर हल्ला चढवला. केनियाचे लेखक बिन्यावांगा वाइनाइना यांचा आफ्रिकेविषयी कसे लिहावे हा उपरोधिक लेख २००५ मध्ये आणि टेजू कोल यांची गोऱ्या तारणहारावरील टीका २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. ख्रिस्ती वर्तुळाच्या आतूनही स्टीव्ह कॉर्बेट आणि ब्रायन फिकर्ट यांच्या २००९ मधील ‘व्हेन हेल्पिंग हर्ट्स’ या पुस्तकाने मदतीने होणाऱ्या हानीची चर्चा घडवून आणली.

या टीकेचे मोल निर्विवाद आहे. तिची मर्यादाही नोंदवली पाहिजे. विडंबन नायकाला खलनायक करते, पण त्याला केंद्रातून हलवत नाही. बोरियोबूला-घा येथे कोणी माणूस राहतो काय, हे डिकन्सच्या वाचकालाही कळत नाही. तारणहाराची निर्भर्त्सना वाचताना मिळणारे समाधान आणि त्याची साक्ष ऐकताना मिळणारे समाधान यांत एक साम्य उरते : दोन्हींत मूल गप्प असते.

डिकन्सच्याच कादंबरीत याहून सूक्ष्म असा एक प्रसंग आहे. मिसेस पार्डिगल ही बाई आपल्या नेमाच्या फेरीत वीटकामगाराच्या झोपडीत शिरते आणि मोठ्याने धर्मग्रंथ वाचून उपदेश करून निघून जाते. त्याच खोलीत चुलीपाशी बसलेल्या आईच्या मांडीवर एक तान्हे मूल अखेरचा श्वास घेत असते. ते तिला दिसतच नाही. दिसते ते तिच्यासोबत नाइलाजाने आलेल्या एस्थर आणि एडा यांना. एस्थर त्या मुलाला निजवते आणि त्याच्यावर आपला रुमाल पांघरते. आईबापांच्या ओळखीवाचून वाढलेली एस्थरच येथे निवेदक असावी, हे लक्षणीय आहे. फेरी आणि थांबणे, भेट आणि पाहणे यांतील फरक डिकन्सने येथे केवळ पात्रयोजनेतून दाखवला आहे. आणि मुलाला आई असल्याचेही तो विसरत नाही.

५

एकवार काळाच्या चौकटीतून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे परत न जाणे. अलीकडच्या इव्हांजेलिकल वाचकवर्गात अत्यंत लोकप्रिय झालेले ‘किसेस फ्रॉम केटी’ (२०११) हे पुस्तक या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्यातील केटी डेव्हिस ही शाळकरी मुलगी २००६ च्या डिसेंबरमध्ये तीन आठवड्यांच्या मिशन-यात्रेवर युगांडात गेली, दुसऱ्या वर्षी जिंजा येथे शिकवण्यासाठी परतली आणि तेथेच राहिली; पुढे ती तेरा मुलींची आई झाली. पुस्तकाचा आरंभ सेवायात्रेच्या संकेतांनी भरलेला आहे, आणि प्रत्येक ओढ ही पाचारणाची खूण म्हणून वाचली जाते. पण निवेदक तेथे राहू लागल्यावर या खुणांचे काम बदलते. स्वयंपाक, शाळा, आजारपणे आणि कागदपत्रे यांचा आवर्ती काळ कथनात शिरतो, आणि साक्षीचा झळझळीत स्वर त्याच्याशी नीट जुळत नाही. २०१७ मधील ‘डेअरिंग टू होप’ या दुसऱ्या पुस्तकात ही फट रुंदावते. सांभाळलेली एक मुलगी आपल्या जन्मदात्या आईकडे परत गेल्याचे दुःख आणि सफल न झालेल्या प्रार्थना यांच्याभोवती ते पुस्तक फिरते. पहिल्या पुस्तकाच्या आकारात न मावलेली आई येथे फाटकाशी येऊन उभी राहिली आहे. निवेदकाच्या दृष्टीने तो वियोग आहे. मुलीच्या दृष्टीने तो घरी परतण्याचा क्षणही असू शकतो. हे दोन्ही अर्थ एकाच प्रसंगात मावू लागतात, तेथे हा कथनप्रकार प्रौढत्वाकडे झुकलेला दिसतो.

याच मार्गावरचे एक जुने उदाहरण दक्षिण भारतातील आहे. आयर्लंडची एमी कारमायकेल १८९५ मध्ये भारतात आली आणि १९५१ मध्ये मृत्यू येईपर्यंत मायदेशी परतली नाही. तिरुनेलवेलीजवळच्या दोहनावूर येथे तिने देवळांना वाहिल्या जाणाऱ्या मुलींसाठी आणि पुढे मुलांसाठीही घर चालवले. १९०३ मधील ‘थिंग्ज ॲज दे आर’ या पुस्तकात तिने मायदेशीच्या वाचकाला हव्या असलेल्या यशकथा देण्याचे नाकारले. १९०९ मधील ‘लोटस बड्स’ या सचित्र पुस्तकात मुले नावानिशी, खोड्यांनिशी, हट्टांनिशी येतात. त्यांचे दिवस एकामागून एक जातात आणि निवेदिका त्यांच्या भोवती असते, त्यांच्या पुढे नसते. आवर्ती काळाला येथे वाक्यरचना मिळाली आहे, असे म्हणता येईल. तरीही तिच्या कथनविश्वात मुलांचा पूर्वेतिहास अंधाराच्या रूपकाने झाकला जातो. देऊळ, जात आणि नातलग एकाच काळोखात विलीन होतात. दीर्घ वास्तव्याने मुलाचे वर्तमान मिळते, भूतकाळ मिळतोच असे नाही.

६

भूतकाळही ज्या संहितेत येतो ती महाराष्ट्रात, केडगावात लिहिली गेली. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचे १९०७ मधील इंग्रजी आत्मनिवेदन मराठीत ‘माझी साक्ष’ या नावाने परिचित आहे. नावाप्रमाणेच ते साक्षीच्या रूपबंधात आहे, आणि पालट ‘मी’चाच आहे. परंतु हा ‘मी’ दुष्काळात सापडलेल्या कुटुंबातील मुलीचा आहे. १८७० च्या दशकातील दुष्काळात रमाबाईंचे वडील, आई आणि थोरली बहीण थोड्याथोड्या अंतराने गेली; भावाबरोबर ती उपाशीपोटी देशभर पायी हिंडली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया केडगावला आणल्या, तेव्हा देणारी आणि घेणारी यांच्यामध्ये नेहमीचे अंतर उरले नव्हते. बाहेरून आलेल्या निवेदकाला जे एकवार वाटते ते रमाबाईंना दुसऱ्यांदा दिसत होते. उपासमारीने खंगलेली मुलगी त्यांच्या कथनात धडा होऊन येत नाही, आठवण होऊन येते. आणि आठवणीला आईबाप असतात.

केडगावचे मुक्तिसदन परदेशी सेवेच्या जाळ्याबाहेर होते असे नव्हे. देणग्या समुद्रापलीकडून येत, वृत्तान्त तिकडे जात, आणि अमेरिकन मिशनरी मिनी एब्रम्स यांच्यासारख्या स्त्रिया येथे येऊन काम करीत. पण त्या एका भारतीय स्त्रीच्या नेतृत्वाखाली काम करीत होत्या, हा फरक व्यवस्थापनापुरता राहत नाही. तो कथनाच्या केंद्रातील फरक आहे. ज्यांनी १८८९ मध्ये अमेरिकेच्या लोकस्थितीचे वर्णन मराठी वाचकांसाठी लिहून पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्या जागा बदलल्या होत्या, इंग्लंडमधील आपल्या धर्मभगिनींशी श्रद्धेच्या प्रश्नांवर पत्रांतून झगडा केला होता, त्यांना पाहुण्यांच्या नजरेचे राजकारण नवे नव्हते. तथापि केडगावचे आदर्शीकरण करण्याचेही कारण नाही. तेथील शेकडो मुलींचे आवाज आपल्यापर्यंत पोचतात ते बव्हंशी संस्थेच्या वृत्तान्तांतून आणि ख्रिस्ती साक्षीच्या साच्यातून. रमाबाई बोलल्या, म्हणून सगळ्या बोलल्या असे होत नाही.

७

गेल्या काही वर्षांत साक्ष या शब्दाला एक नवे व्यासपीठ मिळाले आहे. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने २०१७ मध्ये आधुनिक गुलामगिरीविषयी केलेल्या चौकशीत परदेशी बालगृहांच्या पर्यटनाचा प्रश्न विचारात घेतला गेला, आणि कंबोडियातील बालगृहात वाढलेल्या एका तरुणीने तेथे साक्ष दिली. पाहुण्यांसमोर कार्यक्रम करणे, देणग्या याव्यात म्हणून मुलांना पुढे करणे, हे तिने भोगले होते. केनियातही बालगृहांत वाढलेले प्रौढ एकत्र येऊन आपल्या बालपणाविषयी जाहीरपणे बोलू लागले आहेत. १८ डिसेंबर २०१९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांविषयीच्या ठरावात बालगृहांतील स्वयंसेवेमुळे होणाऱ्या हानीची दखल घेतली. अनेक ख्रिस्ती संस्थाही आपला निधी बालगृहांकडून कुटुंबांकडे वळवू लागल्या आहेत.

साहित्यविचाराच्या दृष्टीने यातील महत्त्वाची घटना म्हणजे निवेदकाची जागा बदलणे. या नव्या साक्षींत ‘मी’ हे बालगृहातील मूल आहे आणि पाहुणे अनेकवचनात येतात. नावे पुसट, चेहरे एकमेकांत मिसळलेले, क्रियापदे रीतिभूतकाळात : येत, हसत, फोटो काढीत, निघून जात. सेवायात्रेच्या संहितेत मुलांना मिळालेले सामुदायिक, निर्नाम स्थान आता प्रवाशांच्या वाट्याला आले आहे. याला सूड म्हणणे चुकीचे होईल. ज्या काळात मुले जगली त्या काळाचे ते यथातथ्य व्याकरण आहे. आईवडीलही येथे परत येतात, कारण सांगणाऱ्याला ते आठवत असतात, किंवा नाहीत हे जाणवत असते.

म्हणून सेवायात्रेच्या कथनाची कसोटी निवेदकाच्या नम्रतेत किंवा अपराधभावनेत शोधण्यापेक्षा काही साधे प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरेल. या संहितेत आदल्या महिन्यात आलेले पाहुणे आहेत काय? मुलाची आई कोठे आहे? गाडी फाटकाबाहेर पडल्यानंतरच्या संध्याकाळी बालगृहात काय घडले, हे सांगणारे एखादे वाक्य आहे काय? ज्या संहितेला यांची उत्तरे देता येतात तिच्यात ग्रीक क्रियापदाचा जुना अर्थ परत येऊ लागतो, आणि बहुधा त्या संहितेचा लेखक पुढच्या वर्षी यात्रेला न निघता एखाद्या मुलाच्या घरी पैसे पाठवण्याचा विचार करू लागलेला असतो.